रुळावरची रेंज

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस हमखास विचारतो, "नोकरी कुठं केली?" मी सांगतो, रेल्वेच्या पोलिसात. मग तो विचारतो, "म्हणजे तिकिटं तपासायचे?" नाही. "मग चोर पकडायचे?" तेही पकडले, पण थोडे. नोकरीत मी सगळ्यात जास्त कोणाला पकडलं असेल तर पायी चालणाऱ्या माणसांना. साधी, आपापल्या घरी निघालेली माणसं. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या कडेवर लेकरू, आणि शेवटच्या काही वर्षांत बहुतेकांच्या कानाला फोन. एवढं ऐकल्यावर शेजारचा पुन्हा आपल्या बुंदीकडे वळतो. त्याला वाटतं, काय ही नोकरी!

मलाही बरेचदा तसं वाटायचं. आता निवृत्त झालो, वर्दी पेटीत गेली, तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

आमचा कायदा बाहेरच्या माणसाला सोपा करून सांगायचा तर असा आहे. रूळ ही रेल्वेची जागा. तिथे तुम्ही कारणाशिवाय पाय ठेवला की एकशे सत्तेचाळीस कलम लागलं. दंड मी करत नाही. मी पकडतो, नाव-गाव लिहितो आणि रेल्वेच्या न्यायालयात उभं करतो. ते न्यायालय मोठ्या स्टेशनवर. म्हणजे रुळावर चालल्याबद्दल माणसाला रुळावरूनच, गाडीत बसवून न्यायचं. दंडापेक्षा त्याची दिवसाची मजुरी बुडते ते त्याला जास्त लागतं. न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल?" तो म्हणतो, "हो सायब, लवकर मोकळं करा, ढोरं बांधून ठेवली हायेत." झाला न्याय.

या सगळ्यात मोबाइलचं नाव कुठेच नाही. लोकांचा समज असतो की फोनवर बोलत चाललं म्हणून रेल्वे दंड करते. तसं काही नाही. प्लॅटफॉर्मवर तुम्ही फोनमध्ये नाक खुपसून, पिवळ्या पट्टीच्या पलीकडे, पार कडेवर चालत जा. मी शिटी वाजवीन, ओरडेन, हात धरून मागे ओढेन, पण नुसत्या फोनबद्दल तुमच्यावर कलम लावू शकत नाही. एकदा एका मोठ्या जंक्शनवर एक वकीलसाहेब असेच फोनवर कोणाला तरी झापत झापत प्लॅटफॉर्म संपला तिथून सरळ खाली गेले. नशिबाने गाडी नव्हती. गुडघा फुटला. मी आणि हमालाने त्यांना वर काढलं. वर आल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न केला, "चालताना मोबाइल पाहू नये असं तुमच्या कुठल्या कायद्यात लिहिलंय, दाखवा!" मी म्हणालो, "कुठेच नाही साहेब." मग त्यांनी रेल्वेविरुद्धच तक्रार दिली, प्लॅटफॉर्म मध्येच संपतो म्हणून. मी ती लिहून घेतली. माझं अक्षर चांगलं आहे.

नोकरीची शेवटची काही वर्षं मला माझ्याच जिल्ह्यात मिळाली. यवतमाळ जिल्ह्यात नव्या मोठ्या लाइनीचं काम चालू झालं होतं आणि काही भागात गाडीही धावायला लागली होती. त्यातल्या एका नव्या कोऱ्या स्टेशनवर मला नेमलं. स्टेशनचं नाव सांगत नाही. लोकांना माणसं लगेच ओळखू येतात आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय ती तिथेच राहतात.

मला वाटलं, चला, घरच्या भाकरीवर शेवटचे दिवस आरामात जातील. दिवसाकाठी एकच गाडी. सकाळी यायची, संध्याकाळी परत जायची. स्टेशन मास्तर बिहारकडचे, शांत माणूस. प्लॅटफॉर्मवर नवीन बाक, नवीन नळ, नवीन पाट्या. सुरुवातीला तर गाडी बघायलाच लोक आर्णी-महागावकडून दुचाकीवर लेकराबाळांना घेऊन यायचे. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला रुळावर बसायची, नवरीच्या साडीचा पदर एका रुळावरून दुसऱ्या रुळावर पसरलेला. मी शिटी वाजवत गेलो की फोटोवाला म्हणायचा, "काका, एकच मिनिट, लाइट चांगला आहे."

आमच्या भागातल्या माणसाला रुळाची भीतीच नाही, ही खरी अडचण होती. कारण आमच्याकडे पूर्वी लहान गाडी होती. ती इतकी सावकाश चालायची की मधेच उतरून लोक बोरं तोडायचे आणि पुढच्या डब्यात चढायचे. ड्रायव्हर ओळखीचा. म्हातारीने हात दाखवला तर थांबायचा. ती गाडी बंद पडली आणि तिच्या रुळावरून माणसं बाजाराला चालत जाऊ लागली. अशी बरीच वर्षं गेल्यावर मोठी गाडी आली. लोकांच्या मनात मात्र गाडी तीच होती.

एक गृहस्थ तर कमालच करायचे. शेजारच्या तांड्यावरचे, लसूण-मिरची विकणारे. त्यांना पहिल्यांदा रूळ ओलांडताना पकडलं, न्यायालयात नेलं, दंड झाला, पावती मिळाली. चार दिवसांनी ते पुन्हा त्याच जागी. मी थांबवलं तर त्यांनी पागोट्यातून घडी केलेली पावती काढली. "पावती हाये ना माह्याजवळ, जमादारसायब." आठवडी बाजारात बसायची पावती एकदा फाडली की दिवसभर कोणी उठवत नाही, त्यातलाच हा प्रकार त्यांनी समजला होता. फक्त ही महाग होती म्हणून जास्त दिवस चालेल, असा त्यांचा हिशेब. मी हसलो. संध्याकाळी मास्तरांना सांगितलं तर तेही हसले. मग लक्षात आलं, त्या माणसाला दंड कशाबद्दल झाला हे आमच्यापैकी कोणी त्याला समजेल असं सांगितलंच नव्हतं.

आता बोरखडीबद्दल सांगतो. स्टेशनच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने खोलगट जागेत वसलेलं हे गाव. मोबाइलचा टॉवर टेकडीच्या मागे. गावात फोन लागत नाही. घराच्या छपरावर चढलं तर रेंजची एखादी कांडी दिसते, बोलायला लागलं की तीही जाते. पण लाइन टाकताना रेल्वेने गावाच्या बाजूने मातीचा उंच भराव घातला आणि त्यावर रूळ बसवले. कोणाला तरी पहिल्याच महिन्यात शोध लागला की भरावावर चढलं की फोन खणखणीत लागतो.

झालं. संध्याकाळी शेतातून आलेलं अर्धं गाव भरावावर. कोणी पुण्याला कंपनीत गेलेल्या पोराशी बोलतंय, कोणी जावयाशी, कोणी कापसाचा भाव विचारतंय. माणूस फोनवर बोलताना एका जागी थांबत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. भरावाचा उतार मुरमाचा, घसरडा, बाजूला खडी पायाला टोचणारी. चालायला सोयीची जागा म्हणजे दोन रुळांच्या मधले सिमेंटचे स्लीपर. तेव्हा सगळे तिथूनच चालायचे, मान खाली, कानाला फोन.

मी शहरात जन्मभर फोनमुळे रुळाकडे दुर्लक्ष करणारी माणसं पकडली. इथे माणसं फोनसाठी रुळावर येत होती. याला कायद्यात वेगळं कलम नाही. तेच एकशे सत्तेचाळीस.

देवकाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कापूस वेचून परतल्या होत्या. साडीवरून जुना मर्दानी शर्ट, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी, सुजाता, नागपूरला नर्सिंग शिकत होती, होस्टेलवर. बाई रोज संध्याकाळी तिला फोन करायला वर यायच्या. मी शिटी वाजवली तर त्यांनी मलाच हाताने थांबवलं, बोलणं संपवलं, फोन ओटीत ठेवला आणि मग म्हणाल्या, "बोला, जमादारसायब."

"बाई, गाडीखाली येसान."

"गाडी गेली ना. मी पाह्यते ना रोज. गाडी गेल्याबिगर मी वर येतच नाई."

हे खरं होतं. सगळ्या गावात तीच एक बाई शिस्तीची. खाली बाभळीजवळ उभी राहायची. संध्याकाळची गाडी तिच्यासमोरून जायची, शेवटचा डबा गेल्यावर त्याच्यामागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत थांबायची आणि मग वर चढायची. दिवसाला एक गाडी, ती गेली, म्हणजे आता उद्यापर्यंत रूळ मोकळा. सरळ हिशेब. एकच गाडी असलेल्या गावात दुसरा हिशेब कोणाला सुचणार?

मी त्यांना समजावलं. पुढे यवतमाळच्या बाजूने लाइनीचं काम चालू आहे. तिकडे खडी न्यायला, सामान न्यायला गाड्या जातात, येतात. त्यांना वेळापत्रक नसतं. कधी दोन दिवस येत नाहीत, कधी एका दिवसात दोनदा येतात. मलासुद्धा आधी कळत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "थे तं ऐकू येईनच ना. एवढं मोठं धूड."

दोनदा मी त्यांच्यावर केस केली. दोन्ही वेळा त्या माझ्यासोबत गाडीत बसून न्यायालयात आल्या. डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, त्यातली अर्धी भाकर मला. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "तुमच्यामुळं गाडीत बसाले भेटते, नाई तं कोन नेते मले?" आरोपीची भाकरी खाणं नियमात बसत नाही. मी खाल्ली.

दुसऱ्या खेपेनंतर मी मास्तरांशी बोललो. फोन भरावावर लागतो, तसाच आमच्या प्लॅटफॉर्मवरही लागतो. प्लॅटफॉर्मही उंचावरच आहे. अगदी टोकाला एक बाक रिकामाच असायचा. संध्याकाळची गाडी गेली की स्टेशनवर चिटपाखरू नसतं. बायांनी तिथे बसून फोन केला तर कोणाचं काय जातं? मास्तर म्हणाले, "बैठने दो दादा. हमको क्या तकलीफ है."

मी बोरखडीत जाऊन सांगितलं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी देवकाबाई आल्या, त्यांच्या मागे दोघी-तिघी, मग बरेच जण. त्या बाकाला गावात 'फोनचा बाक' म्हणायला लागले. नंबर लागायचा. एक बोलायची तेव्हा दुसऱ्या तोंडात तंबाखू धरून ऐकत बसायच्या. कोणाचं गुपित कोणापासून लपलेलं नव्हतं. सुजाताला इंजेक्शन देता यायला लागलं हे मला त्याच बाकावर कळलं. देवकाबाईंनी फोन माझ्या तोंडापुढे धरला होता, "बोला, माही पोरगी हाये." मी बोललो. ती म्हणाली, "काका, आईवर लक्ष ठेवजा." पुढे कित्येक महिने मी भरावावर एकही केस केली नाही. करायला तिथे माणूसच नव्हतं. नोकरीतलं तेवढंच एक काम मला मनापासून केल्यासारखं वाटतं.

वरून विचारणा झाली, केसेस का कमी झाल्या? मी लिहिलं, गुन्हे कमी झाले म्हणून. त्यावर साहेबांचा फोन आला, "ऐसा नहीं होता."

मग तिकीट तपासणीची मोहीम आली. बाहेरून पथक येतं. आधी कळवत नाहीत, कळवलं तर मोहीम कसली? त्या दिवशी मी रुळावरचं सामान चोरणाऱ्या एकाला घेऊन न्यायालयात गेलो होतो. पथकाने संध्याकाळच्या गाडीचे प्रवासी तपासले आणि जाता जाता टोकाच्या बाकाकडे वळले. आठ-दहा बायामाणसं, कोणाकडेही प्लॅटफॉर्म तिकीट नाही. तिकिटाशिवाय प्लॅटफॉर्मवर येणं हाही गुन्हा, आणि त्याचा दंड तिथल्या तिथे वसूल होतो. एकेकीला दिवसभराच्या वेचणीएवढा बसला. जिच्याकडे पैसे नव्हते तिच्यासाठी दुसरीने भरले. मास्तर मध्ये पडले तर पथकाच्या प्रमुखाने त्यांनाच विचारलं, तुमच्या परवानगीने बसतात का? मास्तर काय बोलणार! त्यांनाही बायकामुलं आहेत. पथकाचंही मी चूक म्हणत नाही. त्यांनी कायदाच पाळला. मी तिथे असतो तरी मला तोच पाळावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. मी भरावाकडे गेलो. सगळे वर. देवकाबाईही.

मी चिडलो. "बाई, तिकडं बसा म्हटलं होतं ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडं थे पकडते, इकडं तुमी पकडता. तुमी तं वळखीचे तरी हा."

"मग प्लॅटफॉर्म तिकीट काढा. दहा रुपये आहे."

"पोरीशी बोलाचे रोज दहा रुपये? अन् फोनचे येगळे? मंग तिले पाठवू काय?"

मी वर अर्ज लिहिला की टोकाचा बाक गावकऱ्यांना संध्याकाळी वापरू द्यावा. उत्तर आलं की प्लॅटफॉर्म हा प्रवाशांच्या वापरासाठी असतो. टॉवरबद्दल लिहिलं तर कळलं की टॉवर हा रेल्वेचा विषय नाही. ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाईंनी ठराव केला, तो तालुक्याला गेला. भरावाला कुंपण मागितलं, ते मंजूर झालं, तारही लागली आणि आठवड्यात ठिकठिकाणी वाकली. प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं. मी पुन्हा शिटी गळ्यात घालून भरावावर फिरायला लागलो. लोक मी आलो की उतरायचे, मी गेलो की चढायचे. मी एकटा, भराव लांबच लांब.

ती संध्याकाळ वेचणीच्या दिवसांतली. पॅसेंजर वेळेवर गेली. दिवस मावळतीला आला होता, उजेड होता अजून. मी प्लॅटफॉर्मवर होतो. मास्तरांनी आतून सांगितलं, यवतमाळच्या बाजूने खडीचे रिकामे डबे परत येताहेत. मी तडक भरावाकडे निघालो.

हे जरा समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. कामाच्या गाड्यांना बरेचदा इंजिन फिरवायला जागा नसते. मग इंजिन मागे राहतं आणि डबे पुढे ढकलत आणतात. सर्वांत पुढच्या डब्यावर एक माणूस झेंडा आणि शिटी घेऊन उभा असतो. वेग अगदी कमी. तो माणूस शिटी वाजवतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. पण हॉर्न इंजिनावर असतो आणि इंजिन असतं लांब, शेवटी. पुढचे रिकामे डबे ढकलले जात फारसा आवाज न करता येतात. कानाला वाटतं गाडी अजून दूर आहे, आणि ती पाठीशी आलेली असते.

देवकाबाई स्लीपरवरून चालत होत्या, तोंड नागपूरच्या दिशेला, पाठ डब्यांकडे. बाकीचे हॉर्न ऐकून बाजूला झाले होते. त्यांनी हाकाही मारल्या, असं नंतर सांगितलं. पुढच्या डब्यावरचा माणूस शिटी वाजवून, ओरडून थकला. ब्रेक लागला. तेवढ्याने भागलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा जे पाहिलं त्याचं वर्णन करणार नाही. नोकरीत असं खूप पाहिलं आणि दर वेळी मी आधी टोपी काढायचो, मग कामाला लागायचो. त्या दिवशी टोपी काढायचं सुचलं नाही. खडीत पडलेला फोन चालू होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "आई... आई, ऐकू येते का?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन उचलला. रेंज भरपूर होती, एक शब्द तुटत नव्हता. मी म्हणालो, "सुजाता, मी स्टेशनवरचा काका बोलतो. आईले लागलं. तू घरी निघ." ती म्हणाली, "किती लागलं?" शिकतच होती ती तेच. मी म्हणालो, "निघ तू, बाई." आणि फोन बंद केला.

ती रात्रीच्या बसने आली. सकाळी गावच्या बुद्धविहारापुढे सगळं गाव जमलं. वंदना झाली, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी मला तिचा जबाब घ्यायचा होता. फोन चालू असताना घडलं म्हणजे पलीकडचा माणूस साक्षीदार. त्यांच्या घरात गेलो. ओटीतला शेवटचा कापूस तसाच कोपऱ्यात टाकलेला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने न रडता सांगितलं.

"मले फोनमधून हॉर्न ऐकू आला. मी म्हनलं, आई, गाडी येऊन राह्यली का? आई म्हने, दूर हाये अजून, तू सांग. मी सांगत राह्यली. मले वार्डात कोन रागावलं, थे सांगत होती मी."

मी तिला डबे ढकलण्याचं सगळं समजावलं. इंजिन खरंच दूर होतं. तिच्या आईने जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे आई चुकली नाई."

"नाही."

"मंग मी थे वार्डातलं रागावल्याचं काहून सांगत बसली? मी म्हनाले पाह्यजे होतं, उतर खाली. एवढंच म्हनाचं होतं."

मी जबाब लिहून काढला आणि वाचून सही करायला दिला. आमची लिहायची एक ठरलेली पद्धत असते, हात आपोआप तसाच चालतो. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, इथी लिहिलं हाये, मोबाइलच्या नादात."

"असंच लिहितात बाई. वर तसंच लागतं."

"नादात नव्हती थे." तिचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "माह्याशी बोलून राह्यली होती. मले इचारत होती, जेवली का म्हनून. याले नाद म्हनते का?"

मी ती ओळ खोडली. शेजारी लिहिलं, मुलीशी बोलत असताना. तिने सही केली. पुढे काही महिन्यांनी वरच्या कार्यालयातून पक्का अहवाल आला तेव्हा त्यात पुन्हा 'मोबाइलच्या नादात, अनधिकृतपणे रुळावर' असंच होतं. रुळावर परवानगीशिवाय आलेल्या माणसाच्या मागे भरपाई मिळत नाही, तीही मिळाली नाही. मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "दादा, ती ट्रॅकवर होती की नव्हती?" होती.

जबाब घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे भरावावरून निघालो. पॅसेंजर जाऊन बराच वेळ झाला होता. गावातलं कोणी वर नव्हतं. एवढं झाल्यावर कोण येणार, असं मनात म्हणत होतो. पुढे गेलो तर रुळामध्ये सुजाता उभी. तिथेच, थोडी अलीकडे. कानाला फोन. होस्टेलच्या मॅडमला सांगत होती, "मॅडम, आई गेली. सुट्टी वाढवून पाह्यजे. नाई, अर्ज पाठवते... आवाज येते का मॅडम?"

माझ्या गळ्यात शिटी होती. मी ती वाजवली नाही. तिच्या दोन हात पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि एकदा यवतमाळकडे, एकदा नागपूरकडे बघत राहिलो. रूळ मोकळे होते. तरी मी बघत राहिलो. सगळ्या नोकरीत रुळाकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. तोवर मी फक्त माणसांकडे पाहत आलो होतो.

तिचं बोलणं संपलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "दंड कराचा असंन तं करा, काका. पन उद्या मले पुन्हा यावं लागन. मामाले फोन लागला नाई अजून. त्याले अजून माईतच नाई."

मी म्हणालो, "किती वाजता येशील ते सांग. मी येऊन उभा राह्यतो."

ती आली. मी उभा राहिलो. पुढचे दोन दिवसही. मग ती घराला कुलूप लावून नागपूरला गेली. त्यानंतर बोरखडीच्या भरावावर तिचा फोन कधी आला नाही. करणार कोणाला?